बारा अंड्यांचं उबवणी यंत्र: कोंबडीसाठी घ्या, पडलेल्या घरट्यासाठी नको

हे यंत्र घेतलं ते खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या, कोंबडीची मनधरणी करायचा कंटाळा आला म्हणून. कराडजवळ घरामागच्या खुराड्यात माझ्या गावरान कोंबड्या आहेत. गावरान कोंबडी बसते ती तिच्या मर्जीनं. लोक पिल्लं मागायला येतात तेव्हा एकही खुडूक नसते, आणि ऐन झडीच्या पावसात तिघी एकदम फुगून बसतात. भाच्यानं ऑनलाइन मागवून दिलं, साडेचार हजारांच्या आत. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हेच यंत्र वेगवेगळी नावं छापून कितीतरी जण विकतात. पिवळा तळ, वर पारदर्शक झाकण, झाकणात हीटर आणि पंखा, खाली अंडी फिरवणाऱ्या नळ्या. फोटो बघितला की ओळखाल.

आधी कोंबडीच्या अंड्यांचं सांगते, मग ज्या प्रश्नासाठी लोक मला विचारत येतात त्याचं.

पडद्यावरच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. पंखा असलेल्या यंत्रात कोंबडीच्या अंड्याला 37.5 अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते. पडद्यावर 37.5 दिसत होतं तेव्हा मी ताप बघायचा डिजिटल थर्मामीटर आत अंड्यांच्या उंचीला ठेवून बघितला, तर अर्ध्या अंशाहून जास्त फरक. हा थर्मामीटर सगळ्यात वरचा आकडा धरून ठेवतो, त्यामुळे झाकण उघडून वाचला तरी चालतं. अर्धा अंश किरकोळ वाटतो, पण एकवीस दिवस ऊब तेवढी जास्त राहिली तर पिल्लं वेळेआधी निघतात, अशक्त निघतात, बेंबी नीट मिटलेली नसते. कमी पडली तर उशिरा निघतात, आणि काही टरफलातच दमतात. सेटिंगमध्ये हा फरक दुरुस्त करता येतो. सोबतची पुस्तिका वाचून मात्र तो करता येणार नाही, व्हिडिओ बघा.

पाण्याच्या दोन पन्हाळी आहेत. पहिले 18 दिवस एक भरायची, शेवटचे तीन दिवस दोन्ही, म्हणजे आतली दमट हवा आधी 50-55 टक्क्यांवर आणि शेवटी 65-70 वर राहते. आमच्याकडं पाऊस लागला की पहिल्या टप्प्यात पाणी घालायची गरजच उरत नाही, बाहेरच एवढं दमट असतं. पुस्तिकेत हे नाही. ती लिहिणाऱ्यानं कोयनेकडचा पाऊस बघितलेला नसणार.

नळ्या दर दोन तासांनी फिरतात आणि अंडं कलतं करतात. अठराव्या दिवशी नळ्या काढून जाळी अंथरायची, नाहीतर पिल्लाचा पाय नळ्यांमध्ये अडकतो. वीज गेली तर झाकण अजिबात उघडायचं नाही; वरून गोधडी घालायची, हवेची भोकं तेवढी मोकळी ठेवायची. तासा-दीड तासानं काही बिघडत नाही. मागं 12 व्होल्टच्या बॅटरीची जोडणी आहे, इन्व्हर्टरची जुनी बॅटरी लावून ती मी वापरते. हा या यंत्राचा सगळ्यात मोठा गुण. अलार्म मात्र असा किंचाळतो की पहिल्या रात्री घरातले सगळे उठले.

बाराच्या बारा निघतील ही अपेक्षा ठेवू नका. काही अंडी मुळात फळलेलीच नसतात. सातव्या दिवशी अंधारात खालून टॉर्च धरली की फळलेल्या अंड्यात लाल शिरांचं जाळं दिसतं, वांझ अंडं स्वच्छ पिवळं दिसतं. ते काढून टाकायचं. आठ-नऊ पिल्लं निघाली तर समाधान माना. चांगली खुडूक कोंबडी याहून सरस निघते, हेही सांगून ठेवते. अंडी ठेवण्याआधी धुवू नका. वरचा पातळ थर निघून गेला की टरफलाच्या छिद्रांतून घाण आत शिरते.

आता दुसरा भाग.

यंत्राच्या खोक्यावर कोंबडी, बदक, लाव्हा, कबूतर आणि पोपट असे पाच पक्षी छापलेत. खाली खरेदीदारांच्या प्रश्नोत्तरांत कोणीतरी विचारलंय, 'झाडावरनं पडलेल्या घरट्यातली अंडी ठेवली तर चालेल का?' विक्रेत्याचं उत्तर: 'हो, सर्व प्रकारची अंडी चालतात.' एक तारा मी कापलाय तो या उत्तरापायी.

वळवाचा पाऊस सुरू झाला की माझ्या दारात कोणी ना कोणी ओंजळ मिटून उभं असतं. शेवग्याची फांदी ठिसूळ, वारं सुटलं की पहिली तीच मोडते, आणि बुलबुलाला घरट्यासाठी नेमकी शेवगा, जास्वंद, मधुमालती आवडते. 'काकी, तुमच्या मशिनमध्ये ठेवा ना.' पोरांचं मन मोडवत नाही, पण मी ठेवत नाही. का, ते सविस्तर लिहिते, कारण हे यंत्र याच कारणासाठी घ्यायला निघालेली माणसं मला माहीत आहेत.

पहिली अडचण अगदी साधी. अंडं नळ्यांवर बसतच नाही. गावरान कोंबडीचं अंडं 40 ते 45 ग्रॅमचं. लालबुड्या बुलबुलाचं सुमारे तीन ग्रॅमचं, लांबीला दोन सेंटीमीटरच्या जरा पुढं. दोन नळ्यांच्या फटीत ते सरकतं आणि फिरायच्या ऐवजी चेपतं. लाव्ह्याच्या अंड्यांसाठी वेगळी जाळी विकत मिळते, तीही याला मोठीच पडते. आणि शिंपी किंवा शिंजीर या चिमुकल्या पाखरांचं अंडं तर याहून कितीतरी लहान.

दुसरी: पडलेलं अंडं आतून शाबूत असतं का, हे बाहेरून कळत नाही. टरफलाला केसाएवढी चीर गेली असेल तर आतलं सुकतं आणि जंतू शिरतात. चीर नसली तरी आपटल्यानं आतली हवेची पोकळी किंवा बारीक शिरा फाटलेल्या असू शकतात. मे महिन्यात अंडं फरशीवर, उन्हात पडून राहिलं असेल तर ते संपलंच म्हणा. थंडीपेक्षा जास्तीचा ताव अंड्याला लवकर मारतो. म्हणून कापसात गुंडाळून साठच्या बल्बखाली ठेवणं हा घरोघरी होणारा उपाय सगळ्यात वाईट. त्यात अंडं जवळपास शिजतं.

तिसरी अडचण खरी मोठी आहे आणि तिला यंत्रात उत्तर नाही. समजा निघालं पिल्लू. पुढं काय?

कोंबडीचं पिल्लू निघतं ते डोळे उघडे, अंगावर लव, पायावर उभं. पोटात बलकाची शिदोरी असते, दोन दिवस त्याला काही घातलं नाही तरी तग धरतं, मग कण्या टोचू लागतं. बुलबुलाचं पिल्लू उघडं, आंधळं, मान सावरता न येणारं. त्याला उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत दर पंधरा-वीस मिनिटांनी भरवायला लागतं, आणि तेही किडे, अळ्या, मऊ फळं. आई-बाप दोघं मिळून दिवसभर तेवढंच काम करतात. आपल्याकडं लोक दूध-पाव किंवा भिजवलेला भात भरवतात. पक्ष्याला दूध पचत नाही. चोचीत थेंब थेंब पाणी सोडलं तर ते श्वासनळीत जातं आणि पिल्लू मरतं.

खोक्यावर कबूतर आहे ना, त्याचं तर आणखी अवघड. कबूतर आणि होला यांची पिल्लं पहिले काही दिवस आई-बापाच्या गळ्याखालच्या पोतडीत तयार होणाऱ्या घट्ट दुधासारख्या रसावर जगतात. तो बाजारात मिळत नाही. कबुतरं पाळणारे लोकसुद्धा अशी अंडी दुसऱ्या बसलेल्या जोडीखाली सरकवतात, पिल्लं हातानं वाढवण्याच्या भानगडीत सहसा पडत नाहीत. आणि पोपट? आपले देशी पोपट पाळायलाच कायद्यानं बंदी आहे. ते चित्र खोक्यावर छापलंय कशासाठी, छापणाऱ्यालाच माहीत.

कायद्याचंही सांगून टाकते. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणं, अंडी किंवा घरटं विस्कटणं बसतं. पोराच्या हातात अंडं दिसलं म्हणून कोणी पोलिसांत जाणार नाही, पण हौसेनं रानपाखरांची अंडी गोळा करून यंत्रात लावणं हा निष्पाप छंद नव्हे.

शिवाय माझ्यापुरतं एक कारण. रानपाखराच्या घरट्यात बारीक किडे असतात, ते यंत्रात आणि तिथून खुराड्यात आणायचे नाहीत. मानमोडीच्या (राणीखेत) रोगात कोंबड्या गेलेलं ज्यानं बघितलंय तो घरट्याला हात लावल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय खुराड्याकडं फिरकत नाही.

मग करायचं काय? तर यंत्राच्या ऐवजी चहा-रस गाळायची मोठी प्लॅस्टिकची चाळण किंवा बांबूची छोटी टोपली घ्या. यावर्षी वळवात शेजारच्या परसातली शेवग्याची फांदी मोडली, घरटं तिच्यासकट खाली आलं. वाटी शाबूत होती, आत तीन अंडी, गुलाबीसर पांढरी, त्यावर लालसर तपकिरी ठिपके. जुन्या चाळणीत घरटं जसंच्या तसं बसवलं. चाळणीला भोकं असतात, पाणी साठत नाही, हे महत्त्वाचं. करवंटी घेतली तर तळाला भोकं पाडा. मग उरलेल्या शेवग्यावरच, मूळ जागेच्या जितक्या जवळ जमेल तितकं, दुबेळक्यात सुतळीनं घट्ट आवळलं. वर पानांची सावली राहील असं बघितलं, कारण दुपारचं ऊन थेट पडलं तर सगळं फुकट. खालून मांजर चढेल असा ओंडका होता, तो हलवला. आणि सगळ्यांना घरात पिटाळलं.

ही पिटाळण्याची पायरी लोक गाळतात. घरटं बांधून झालं की पाच फुटांवर मोबाइल घेऊन उभे राहतात आणि म्हणतात पक्षी येईना. कसा येईल? लांब खिडकीतून बघा, तास-दोन तास द्या. आमची जोडी आधी तारेवर बसून कोकलत होती, मग एकजण फांदीवर आला, घरट्याभोवती उड्या मारून गेला, परत आला. संध्याकाळी मादी आत बसलेली दिसली.

'माणसाचा हात लागला की पक्षी अंडं टाकतो' हे आजीपासून ऐकत आलोय. हाताच्या वासानं बुलबुल किंवा चिमणी अंडी टाकत नाही. ती टाकते वारंवार डोकावलं, फांद्या हलवल्या, घरट्याभोवती वर्दळ राहिली की. पोरांना अंड्यापासून लांब ठेवायला आजीचं म्हणणं उपयोगी, म्हणून मी त्यांच्यापुढं खोडून काढत नाही. पण मोठ्या माणसानं या समजापायी घरटं परत ठेवायचं टाळू नये.

अंडी गार लागली म्हणून ती सोडून दिलेली आहेत असंही समजू नका. बरीच पाखरं रोज एक अंडं घालतात आणि सगळी घालून होईपर्यंत नीट बसतच नाहीत, म्हणजे पिल्लं पुढं-मागं निघत नाहीत. कोंबडीही हेच करते. ज्याच्यावर अजून बसणं सुरूच झालेलं नाही ते अंडं गारठ्यात काही दिवस तगतं. आठवडाभर उबवलेलं अंडं पावसात रात्रभर भिजलं तर मात्र फार आशा नसते.

कोणतं घरटं आहे हेही बघावं लागतं. सुगरणीचं घरटं विहिरीवरच्या बाभळीतून तुटून पडलं की लोक हळहळतात. पुष्कळदा ते नरानं अर्धवट विणून मादीला पसंत न पडल्यानं सोडलेलं असतं, आत काही नसतं. आधी हळूच चाचपून बघा. अंडी किंवा पिल्लं असतील तर तारेनं वरच्या देठाकडून, नळी खाली लोंबेल असं, जवळच्या फांदीला टांगा. तांबटाचं घरटं वाळक्या फांदीच्या पोकळीत. फांदी मोडली तर तो ओंडकाच उभा बांधायला लागतो, भोक बाजूला ठेवून.

आणि टिटवी! उसाच्या शेजारच्या पडीक रानात कामाला गेलेल्या बायका एकदा चार अंडी पदरात घेऊन आल्या, कुठल्याशा घरट्यातनं पडलीत म्हणून. टिटवी घरटं झाडावर करतच नाही. खड्यांत एक उथळ खळगा, त्यात टोकं आत वळवलेली चार ठिपकेदार अंडी, जवळून गेलं तरी दिसत नाहीत अशी. ती पडलेली नव्हती, घातलेली होती. लगेच त्याच जागी परत ठेवायला लावली, टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालतच होती. उन्हाळ्यात हा पक्षी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येतो आणि अंडी थंड ठेवतो. पुस्तिकेत त्यासाठी कुठलं बटण आहे ते मला कोणी दाखवावं.

अंडी फुटली असतील, झाड समूळ गेलं असेल किंवा जोडी फिरकलीच नाही, तर? तर सोडून द्या. हे ऐकायला कठोर वाटतं, पोरं रडतात, तरी सांगते. बुलबुल, होला, शिंजीर एका हंगामात पुन्हा घरटं करतात, पुन्हा अंडी घालतात. तीन अंडी गेली तरी जोडी शाबूत असते, आणि तिची पुढची वीण वाचवणं आपल्या हातात असतं: पावसाच्या तोंडावर झाडं छाटायची ती आधी फांदी न् फांदी बघून, किंवा वीण संपल्यावर. वळवापेक्षा करवतीनं जास्त घरटी पडतात, असा माझा अनुभव आहे. शहरात राहत असाल तर झाड तोडायला 1975च्या वृक्ष कायद्याप्रमाणे परवानगी लागते, पण परवानगीच्या कागदावर घरटं दिसत नाही. ते आपणच बघायचं.

पिल्लू असेल तर गोष्ट वेगळी. उघडं पिल्लू पडलं असेल तर घरट्यात परत, वरच्याच रीतीनं. जखमी असेल, किंवा घुबड, घारीसारख्या मोठ्या पक्ष्याचं घरटं असेल, तर वन विभागाचा 1926 नंबर लावा किंवा जवळचं वन्यजीव उपचार केंद्र गाठा. तोवर खोक्यात, अंधारात, शांत ठेवायचं, खायला-प्यायला काही घालायचं नाही. बुलबुलाच्या अंड्यासाठी तिथं फोन केलात तर तेही तुम्हाला घरटं परत बांधा असंच सांगतील.

तर गुण असे. कोंबडीच्या अंड्यांसाठी पाचपैकी चार. बॅटरीची सोय आणि किंमत बघता याहून महागाचं घ्यायची गरज नाही. लाव्ह्याच्या अंड्यांसाठी तीन, वेगळ्या जाळीचे पैसे पडतात म्हणून. बदकासाठी दोन: अंडं मोठं, बाराऐवजी जेमतेम आठ मावतात आणि 28 दिवस यंत्र अडकून पडतं. रानपाखरांसाठी शून्य. प्रश्नोत्तरांत विक्रेत्याच्या उत्तराखाली मी चाळणीची कृती टाकलीय, ती अजून तरी काढलेली नाही.

दुरुस्तीचं राहिलं. झाकणातला पंखा काही काळानं खरखर करायला लागतो, मग ऊब एका कोपऱ्यात जास्त साठते. तो संगणकातला साधा 12 व्होल्टचा पंखा आहे, कुठल्याही दुरुस्तीवाल्याकडं मिळतो. घेताना जुना काढून सोबत न्या, मापं दोन-तीन प्रकारची असतात.